सोगा कोणी धरला नाही

सेलूच्या एका कापूस आडत्याने माझ्या भाचीला फसवलं. मापात नाही, भावात नाही. तिची नर्सिंगच्या शिक्षणाची जागा त्याने बुडवली; परभणीत, भर दुपारी, प्रतिष्ठित माणसांच्या साक्षीने. साक्षीदारांनी नंतर त्याला चहा पाजला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी धंद्याने दलाल आहे आणि दलालाने पहिलाच भाव खरा सांगितला यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तर हा खरा भाव. यात एक शब्द कमी होणार नाही.

आमचं घर मेंढरांवालं. बाप मेंढरांमागे चालत मेला, मीही तसाच मेलो असतो. पण पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आमचा कळप गेला. कुणी नेला हे विचारायची तेव्हा सोय नव्हती. हातात काठी तेवढी राहिली. मेंढरं नसलेल्या मेंढक्याला दोनच कामं येतात, मेंढराची पारख आणि माणसाशी हुज्जत. मी सोनपेठच्या आठवडी बाजारात उभा राहिलो आणि दोन्ही विकायला काढली. काही वर्षांत असं झालं की सोनपेठपासून सेलूपर्यंत मेंढरांचा मोठा सौदा माझ्यावाचून होईना. शाळेत माझ्या तीन यत्ता झाल्या, त्याही उर्दूत. पुढचं शिक्षण बाजाराने दिलं आणि त्याची फी चोख वसूल केली.

आता बाजाराचा एक रिवाज सांगणं भाग आहे. परभणीतल्या प्रतिष्ठितांना तो ठाऊक नव्हता असं ते म्हणतात. वाचणाऱ्याला तरी असावा.

आमच्याकडे सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. भाव पटला नाही की माणूस उठतो. धोतर झटकतो, "चला, सोडा जनावरं" म्हणतो आणि चालू लागतो. याचा अर्थ सौदा मोडला असा नव्हे. जेवताना मध्ये पाणी प्यावं तसं ते उठणं असतं. माणूस उठला की जवळच्याने पुढे होऊन त्याच्या धोतराचा सोगा धरायचा आणि त्याला परत खाली बसवायचं. चांगला सौदा तीनदा उठल्याशिवाय होत नाही. जो एकदाही उठत नाही त्याचं जनावर चोरीचं असावं असं बाजार समजतो. आणि जो उठून गेल्यावर कुणी न बोलावता आपल्या पायांनी परत येतो, त्याला पुढे कुणी मोजत नाही.

माझी सगळी भाकरी सोगे धरण्याची आहे. ज्या आडत्याबद्दल मी बोलतो आहे त्याचा सोगा तर मी दर साली धरला. सेलूजवळ त्याचं उत्तम काळं रान आहे. उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत आयतं मिळतं, म्हणून तो आमच्या लोकांचे कळप बसवून घेतो. किती रात्री बसवायचे आणि त्याबदली किती ज्वारी द्यायची, हा सौदा मी मध्ये बसून करतो. तो उठला की मी त्याचा सोगा धरतो. आमचा मेंढका उठला आणि मी जरा लांब असलो, तर शेठजी स्वतः हात लांब करून त्याला धरतात. "बस रे बाबा खाली. लगेच राग धरायलास व्हय?" म्हणजे हा रिवाज शेठजींना माझ्याइतकाच येतो. एवढं ध्यानात ठेवा.

भाची माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. आक्काचा नवरा लवकर गेला. ती दिरांच्या कळपाबरोबर गोदावरीच्या काठाने फिरायची. पोरीला मी सोनपेठला ठेवून घेतलं, कारण तिथे मुलींना बसू देणारी शाळा झाली होती आणि माझ्या बायकोला हाताखाली कुणीतरी हवं होतं. माझा हेतू एवढाच थोर होता. पोरगी मात्र शाळा फार मनावर घेऊन सातवी पास झाली. आमच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत सातवी पास झालेलं ते पहिलं माणूस, आणि तेही बाईमाणूस. त्यामुळे पेढे वाटावेत की सुतक धरावं ते कुणाला कळेना.

सुट्टीत ती आईकडे कळपावर जायची. तिचा हात बारीक आणि शांत. मेंढी अडली, कोकरू पोटात आडवं आलं, की मोठे बाप्ये तिला हाक मारत. ती हाताला करडीचं तेल लावायची, मेंढीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि कोकरू फिरवून बाहेर घ्यायची. मी शेकडो मेंढक्यांचे हात पाहिलेत. असा हात दुसरा पाहिला नाही.

ती चौदाची असताना तिची चुलती कळपावरच बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं. दवाखाना लांब, बैलगाडी नदीच्या पलीकडे. म्हाताऱ्या बायका पोरीला जवळ येऊ देईनात, कारण कुवारणीने तिथे थांबू नये. पोरगी पालाच्या बाहेर हाताला तेल लावून बसली होती. ते तेल तसंच वाळलं. त्यानंतर ती एकच बोलायला लागली, "मामा, मला ते काम शिकायचंय. माणसाचं." पुढे तीन वर्षं तिने दुसरं काही मागितलं नाही. जत्रेत बांगड्यासुद्धा मागितल्या नाहीत, त्यामुळे मला नाही म्हणायची संधीच मिळाली नाही.

त्याच सुमारास आमचा मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात गेला आणि परभणीत सेवेची साथ आली. एक समिती निघाली. गरीब, मागास आणि होतकरू मुलामुलींना डॉक्टरी, कंपाउंडरी, नर्सिंग अशा शिक्षणाला धाडायचं आणि त्यांचा भार उचलायचा, असा तिचा संकल्प होता. अध्यक्ष एक वकीलसाहेब. दहा वर्षांपूर्वी ते शेरवानी घालून सुभ्याच्या साहेबांना सलाम करत. आता टोपी पांढरी झाली होती आणि सलाम ते घेत होते. सभासदांत एक डॉक्टरीणबाई होत्या, सरकारी दवाखान्यातल्या. समितीत दुखणं म्हणजे काय ते कळणारं तेवढंच माणूस. आणि व्यापाऱ्यांच्या वतीने होते आमचे सेलूचे शेठजी. त्यांचा वैद्यकाशी संबंध एवढाच की त्यांना पोटदुखी होती.

नर्सिंगसाठी त्या साली एक जागा होती. औरंगाबादेला राहायचं, शिकायचं.

आम्ही अर्ज केला. गरीब असण्याला केवढी ऐपत लागते हे मला तेव्हा कळलं. गरिबीचा दाखला हवा म्हणून तहसिलीत खेटे घालायचे. ते घालताना धंदा बुडून माणूस खरोखरचा गरीब होतो आणि मग दाखला देणाऱ्याचं मन साफ राहतं. कारकुनाने विचारलं, "जन्मतारीख?" आक्का म्हणाली, "काळ्या मेंढीला जुळं झालं त्या साली." कारकुनाने मनाने एक तारीख टाकली. फोटो हवा होता. पोरीने जन्मात पहिल्यांदा फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, हसा. ती म्हणाली, "अर्जावर हसायचं असतं व्हय?" आणि हसली नाही.

आक्काने मात्र मला साफ बजावलं होतं. "हे बघ, पोरगी सतराची झाली. दिरांनी सोयरीक बघून ठेवलीय. मी तुझ्या शब्दावर थांबलेय. चैतात जागा मिळाली तर जाऊ दे, मी आडवी येणार न्हाई. न्हाई मिळाली तर आखितीला अक्षदा. मग तू तोंड उघडायचं न्हाई."

"मिळणार म्हंजे मिळणार," मी म्हणालो. "सौदा करायला मी चाललोय."

हे मी अभिमानाने म्हणालो होतो.

चैत्रात मुलाखतीचं बोलावणं आलं. मी नवं धोतर नेसलो. परभणीला समितीची खोली म्हणजे एक लांब दालन, पलीकडच्या टोकाला टेबल, टेबलामागे मंडळी. आम्ही दोघं अलीकडे स्टुलांवर. शेठजी टेबलामागे न बसता आमच्या बाजूला, दाराच्या वाटेवरच खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, पण इतकी थोडी की हलवली नाही असंही म्हणता आलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला विचारलं, "रक्त पाहिलंयस का कधी?"

"रक्तात मेंढरं बघतच मोठी झाले, बाई."

"भीती नाही वाटत?"

"वाटती. पर हाताला कळू द्यायची न्हाई."

बाई पुढे झुकल्या. "आडवं आलं तर काय करतेस?"

पोरीने हवेत हात धरून दाखवलं. "कळ आली की थांबायचं. कळ गेली की थोडं सरकवायचं. घाई केली की फाटतं."

बाईंनी बरोबरीच्या बाईकडे बघावं तसं पोरीकडे पाहिलं आणि मग वकीलसाहेबांकडे. "मला दुसरं काही विचारायचं नाही. हिला पाठवा."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण समितीला अटी होत्या, आणि मला अक्कल होती.

वकीलसाहेबांनी कागद वाचला. राहणं, जेवण, शिक्षण सगळं समितीकडे. शिकून झाल्यावर पाच वर्षं समिती सांगेल तिथे चाकरी. पालकाने खाली सही करायची.

अट चांगली होती. दगडसुद्धा म्हणाला असता की अट चांगली आहे. मनातल्या मनात मी सात वर्षांपर्यंत जायची तयारी ठेवली होती. पण पहिल्याच भावाला हो म्हणणं म्हणजे आमच्यात आपल्या मालाची बदनामी. तीन वर्षं जिने तोंडातून दुसरा शब्द काढला नाही, तिला मी पहिल्या बोलीत देऊन टाकू? तिची किंमत ठेवायची म्हणून मी बोलायला लागलो.

"पाच लय झाले, साहेब. दोन."

"दोन काय?"

"दोन वर्षं. आन् चाकरी आपल्याच जिल्ह्यात. सोनपेठ द्या, जिंतूर द्या, पर लांब धाडायचं न्हाई. तिच्या आईला दुसरं कुणी न्हाई."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, ही मदत आहे. हा काय बैलबाजार आहे?"

"तुमी द्यायलाव, आमी घ्यायलाव. मग बाजार न्हाई तर काय?"

पोरीने माझी बाही ओढली. "मामा, पाच तर पाच. हो म्हणा की."

"गप," मी म्हणालो. "सौद्यात बकरं बोलत नसतं."

हे वाक्य मला लपवता आलं असतं. तिथे असलेल्यांपैकी कुणाला ते आज आठवतही नसेल. पण मी दुसऱ्याकडून जाब मागायला निघालोय, तेव्हा माझ्या पोत्यात खालचा दाणा काय आहे तो वर ओतून दाखवलेला बरा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलीला विचारू या ना."

"बाई, सही पालकाची लागते," वकीलसाहेब म्हणाले. गरिबांच्या मुलींसाठी निघालेल्या समितीत मुलीला विचारायचं नाही, यावर वकीलसाहेबांचं आणि माझं मत तंतोतंत जुळलं. आमचं एकमत झालेला तो एकच मुद्दा.

"बरं, तीन," मी म्हणालो.

"पाच म्हणजे पाच."

मग मी उठलो. धोतर झटकलं. "चल पोरी. न्हाई जमत." आणि चालू लागलो.

मी किती सावकाश चाललो ते मला ठाऊक. नवरदेव मांडवात येतानाही जरा भरभर येतो. स्टुलापासून दारापर्यंत जाताना शेठजींच्या खुर्चीवरून जावं लागत होतं. माझं नवं धोतर त्यांच्या गुडघ्याला घासून गेलं. त्यांचा उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता. त्यात पान नव्हतं, कागद नव्हता, काही नव्हतं. मी त्यांच्याजवळ एक क्षण रेंगाळलोसुद्धा, चप्पल नीट करायच्या निमित्ताने. शेठजी छताकडे बघत होते. छताला बघण्यासारखं काय होतं ते मी त्याच संध्याकाळी रिकाम्या खोलीत डोकावून पाहिलं. एक पाल होती.

बाहेर कडुलिंबाखाली आम्ही थांबलो. मी पोरीला म्हणालो, "आता बघ, बोलवायला येतील."

थोड्या वेळाने शिपाई बाहेर आला. मी धोतर सारखं केलं, चेहरा नाखूश केला. त्याने रांजणातून तांब्या भरला आणि तो आत गेला.

"आपणच जाऊ की आत, मामा."

"आपणहून गेलो तर पाचाचे सात होतील."

"होऊ द्या."

"तुला कळत न्हाई."

शिपाई पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात कपबशा होत्या. मी विचारलं, "काय म्हणायलेत साहेब लोक?" तो म्हणाला, "साखर कमी हाय म्हणायलेत." उन्हं कलली. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा खिडक्या लावायला लागला होता. आम्हाला पाहून दचकला.

"तुमी अजून हितंच? मीटिंग कवाच संपली की. साहेब मागल्या दारानं गेले."

परतीच्या मोटारीत पोरगी खिडकीशी बसली. मी तिला समजावत राहिलो, की पहिल्या दिवशी कुणी बोलावत नसतं, शहराची माणसं जरा जड असतात, दोन दिवसांत सांगावा येतो.  एकदा तिने आपल्या उजव्या हाताची बोटं पदराला पुसली. मी ते पाहिलं, आणि मोटारीत धूळ फार आहे असं म्हणालो.

सांगाव्याची मी आठ दिवस वाट पाहिली. आठ! एवढ्या दिवसांत पोरगी पायी औरंगाबादेला पोचली असती. पण आपणहून गेलो तर आपण पडलो, हे बाजाराने माझ्या हाडात घातलेलं. नवव्या दिवशी आक्काचा निरोप आला की मुहूर्त काढायला भटजीला बोलावलंय. तेव्हा माझी हाडं मऊ झाली आणि मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो.

"तुम्ही नकार दिलात," ते म्हणाले. "तशी नोंद झाली. जागा परत केल्याचं कळवूनही टाकलं."

"नकार कुठं? मी नुसता उठलो व्हतो."

"उठून जाणं म्हणजेच नकार."

"पाच मंजूर. सात मंजूर. जलमभर मंजूर, साहेब. आणा तो कागद."

"आता पुढच्या वर्षी अर्ज करा. लवकर करा."

पुढच्या वर्षी! जणू पोरगी म्हणजे लोणचं, बरणीत घालून ठेवायचं. मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वकीलसाहेबांच्या मागच्या तीन पिढ्या त्यात आल्या आणि पुढची एक. दौत कलंडली ती मी कलंडवली असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, टेबलाला धक्का लागला. तो मात्र मीच दिला. राग हा माझा जुना भागीदार आहे. नफ्यात कधी दिसत नाही, तोट्याला आधी हजर. त्या दिवसानंतर समितीच्या आवारात मला बंदी झाली. म्हणजे पुढच्या वर्षाची वाटही मी स्वतःच नांगरून टाकली.

आखितीला अक्षदा पडल्या. मी मामा म्हणून अंतरपाटामागे उभा राहिलो. आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही, तोंड उघडायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. जावई वाईट नाही. कळप आहे, दारू पीत नाही. पण कुणी वाईट नसताना एखाद्याचं वाटोळं झालं की बोलायलाही जागा राहत नाही.

त्या पावसाळ्यात बायकोचं औषध आणायला मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्यांनीच आधी विचारलं, "का हो, परत का आला नाहीत?"

"तुमी का बोलावलं न्हाई?"

"मी म्हणाले होते बोलवा म्हणून. तुम्ही झाडाखाली उभे होता, मला खिडकीतून दिसत होतं." बाईंनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. "वकीलसाहेबांनी त्या सेलूच्या शेठजींना विचारलं, की तुम्ही या लोकांना ओळखता, हा माणूस खरंच निघालाय की परत येईल?"

"मग? काय म्हणाले शेठ?"

"म्हणाले, मला काय ठाऊक, आमचा त्या लोकांशी संबंध नाही."

औषधाची बाटली माझ्या हातातून पडली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. नाटकात पडते. मी ती नीट पिशवीत ठेवली आणि बाईंना नमस्कार केला. बाहेर येऊन मी एका बंद दुकानाच्या फळीवर बसलो आणि दुपार तिथेच काढली. संबंध नाही! ज्याच्या रानाला आमच्या मेंढरांच्या लेंड्यांनी कस आला, ज्याचा हात रुमालाखाली माझ्या हातात इतक्या वेळा आला की त्याच्या अंगठीचा खडा मला डोळे मिटून ओळखता येतो, त्याचा संबंध नाही!

समितीने वर्षाअखेर अहवाल छापला. मला तो एका मास्तरांनी वाचून दाखवला; आता हे मी सांगतो तेही तेच लिहून घेतात. नर्सिंगची जागा रिकामी राहिली होती. म्हणजे माझ्या भाचीची जागा कुणा बड्याच्या पोरीने नेली असती, तर मी निदान त्या पोरीला शिव्या दिल्या असत्या. तेही सुख नाही. लायक उमेदवार मिळाली होती, पण पालकाने नकार दिला; मागास समाजाची शिक्षणाबद्दलची ही उदासीनता पाहून समितीला फार दुःख झालं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. आणि वर फोटो छापला होता. माझ्या भाचीचा. समितीकडे येणारे होतकरू कसे दिसतात ते वाचकांना कळावं म्हणून असेल. ती त्यातही हसत नव्हती.

आता महाराष्ट्र झाला. समितीने नवी पाटी लावली, जुन्या पाटीवरचे खिळे तेवढे तेच ठेवले. भाषणात आमचा दाखला अजून देतात, असं ऐकतो. मदतीचा हात पुढे केला तरी लोक घेत नाहीत, म्हणतात. त्या मदतीच्या हातांपैकी एक उजवा हात मांडीवर मोकळा पडलेला मी पाहिला आहे.

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या सासरी गेलो. ती कळपावर होती, कडेवर तिची पोरगी. रोज मेंढ्या सोडवते, आणि आता लग्न झाल्यामुळे बायकांजवळही तिला बसू देतात. अडली बाई की लोक तिला न्यायला येतात. न शिकता जेवढं येतं तेवढं ती करते. त्या महिन्यात एक बाई तिच्या हातून वाचली नव्हती. ते सांगताना ती म्हणाली, "आत काय तुटलं ते मला कळलं न्हाई, मामा. शिकलेलीला कळलं असतं."

मी शेठजींबद्दल बोलायला लागलो. माझं ठरलेलं सगळं बोललो. ती पोरीला भाकरीचा तुकडा भरवत ऐकत होती.

"शेठचं शेठपाशी," ती म्हणाली. "तुमी मला का इचारलं न्हाई? मी धा वर्षं दिली असती."

रुमालाखाली बोट दाबून याला उत्तर देता येत नाही. मी म्हणालो, "चुकलो." जन्मात पहिल्यांदा मी पहिल्याच बोलीत पुरता भाव दिला. तिने मान हलवली. घेतला की नाही ते कळलं नाही. मी उठलो तेव्हा तिने म्हटलं, "बसा की. जेवून जावा." सोगा धरला नाही, पण बसलो.

तर माझ्या वाटणीचं उत्तर मी दिलं आहे, ज्याला द्यायचं त्याला, आणि आता इथे चारचौघांत. वकीलसाहेबांकडून मला उत्तर नको. त्यांना रिवाज ठाऊक नव्हता. त्यांना पुष्कळ काही ठाऊक नसतं आणि तरी ते अध्यक्ष असतात.

मला तुमचं उत्तर हवं आहे, शेठजी. परवा तुमच्या सालगड्याच्या तोंडी निरोप आला, की यंदाही रानात कळप बसवायचे आहेत, दलालाला येऊन जा म्हणावं. मधली सालं भाकरीसाठी मीही काही न विचारता तुमचा सोगा धरत आलो. येतो. रुमालही आणतो. पण हात आत घालण्याआधी, सेलूच्या भर बाजारात, माझे मेंढके आणि तुमचे आडते ऐकत असताना सांगा. त्या खोलीत मी उठलो ते कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझं धोतर तुमच्या गुडघ्याला लागलं होतं. मग दोन बोटांत सोगा धरायला तुम्हाला काय झालं होतं? चारचौघांत मेंढक्याला ओळखायची लाज वाटली, की त्याच्या आदल्या साली तुम्हाला चार पोती ज्वारी जास्त द्यावी लागली त्याचा राग होता? दोन्हींतलं काय ते सांगा. तिसरं काही असेल तर तेही सांगा. पण तिच्यासमोर सांगा. मी तिला बरोबर आणणार आहे, आणि या वेळी बोलायचं की गप्प राहायचं ते तीच ठरवणार आहे.

तुमचं उत्तर आल्याशिवाय तुमच्या रानात एक मेंढरू बसणार नाही. आणि छताकडे बघू नका. बाजाराला छत नसतं.